दिसले म्हणजे ओळखले नव्हे

जर्मनीच्या पूर्व सीमेवरील ब्रांडेनबुर्ग राज्यात एक मृत रानडुक्कर सापडले आणि १० सप्टेंबर २०२० रोजी त्याच्या तपासणीचा अहवाल जाहीर झाला. त्या डुकराला आफ्रिकन स्वाइन फीवर झाला होता. माणसाला या रोगाची बाधा होत नाही. पण डुकरांसाठी तो बहुतेक वेळा प्राणघातक ठरतो आणि त्यावर उपचार नाही. अहवालानंतर काही दिवसांतच चीनने जर्मन डुकराच्या मांसाची आयात थांबवली. युरोपीय संघाबाहेरील सर्वांत मोठी बाजारपेठ एका जनावराच्या शवामुळे बंद झाली.

हे संकट अनपेक्षित नव्हते. २००७ मध्ये जॉर्जियात शिरलेला हा विषाणू रशिया व पूर्व युरोपमार्गे सरकत २०१४ मध्ये लिथुआनिया आणि पोलंडमध्ये, २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकात आणि २०१८ मध्ये बेल्जियममध्ये पोहोचला होता. रानडुकरांची संख्या कमी करा, हा सल्ला जर्मनीतील शेतकरी संघटना आणि पशुवैद्यक वर्षानुवर्षे देत होते. त्या दडपणाखाली जर्मन संसदेने शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे रोग देशात सापडण्याच्या सहा-सात महिने आधी, परवानाधारक शिकाऱ्यांना रात्री पाहण्याची इलेक्ट्रॉनिक उपकरणे रायफलीच्या दुर्बिणीला जोडण्याची मुभा मिळाली. तोवर अशी जोडणी सर्वसाधारणपणे निषिद्ध होती.

तेव्हापासून तिथल्या शिकाऱ्यांमध्ये एक वाद रंगला आहे. नाइट व्हिजन घ्यावे की थर्मल? वरकरणी हा दुकानातल्या गिऱ्हाइकाचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात अधिक गंभीर प्रश्न आहे. अंधारात बंदूक चालवणाऱ्याला समोर काय आहे याची किती खात्री असली पाहिजे, आणि ती खात्री कोणते यंत्र देऊ शकते?

रात्रच का?

जर्मनीचा संघीय शिकार कायदा रात्रीच्या शिकारीबाबत कडक आहे. सूर्यास्तानंतर दीड तासापासून सूर्योदयापूर्वी दीड तासापर्यंतचा काळ ही कायद्याने ठरवलेली रात्र. या वेळात हरणांसारख्या खूरधारी प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. त्याला अपवाद एकाच खूरधारी प्राण्याचा, रानडुकराचा. कारण सरळ आहे. माणसाचा वावर असलेल्या प्रदेशात रानडुक्कर दिवसभर झाडीत दडून राहते आणि अंधार पडला की मक्याच्या शेतात उतरते. खाद्य मुबलक असलेल्या वर्षी त्याची संख्या एका हंगामात दुपटीवर जाऊ शकते. २०१९-२० च्या हंगामात जर्मनीत ८ लाख ८० हजारांहून अधिक रानडुकरे मारली गेल्याची नोंद झाली. तो त्या देशातील विक्रम होता.

४ लाखांहून अधिक परवानाधारक शिकाऱ्यांच्या या देशात रात्रीच्या शिकारीची जुनी रीत संयमाची होती. पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री, शक्यतो जमिनीवर बर्फ असताना, मचाणावर तासन् तास बसायचे. ५६ मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या भिंगांची दुर्बीण जेवढा प्रकाश गोळा करील तेवढ्यात काम भागवायचे. आकाश ढगाळले किंवा नेमके ओळखता आले नाही, तर हात हलवत परतायचे. महिन्यातल्या बहुसंख्य रात्री अशा रीतीने डुकरांच्याच असत. इलेक्ट्रॉनिक उपकरणांनी हे गणित बदलले आणि अमावास्येची रात्रही शिकाऱ्याला खुली झाली.

रात्र ही वन्य प्राण्यांची केवळ सवय नसते, अनेकदा ती त्यांनी पत्करलेली अडचण असते. २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सहा खंडांतील ६२ सस्तन प्राण्यांच्या नोंदी एकत्र केल्या होत्या. माणसाचा उपद्रव जिथे अधिक, तिथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरीने १.३६ पट झाला, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे दिवसा माणूस टाळण्यासाठी प्राणी रात्रीकडे सरकले आणि आता माणूस त्यांच्या मागोमाग रात्रीत शिरला आहे. या पार्श्वभूमीवर दोन्ही उपकरणांचा स्वभाव समजून घ्यायला हवा.

प्रकाश वाढवणारे यंत्र

नाइट व्हिजन हे मुळात प्रकाशवर्धक यंत्र आहे. चांदण्याचा किंवा दूरच्या गावातील दिव्यांचा जो थोडा प्रकाश शिल्लक असतो, तो भिंगातून फोटोकॅथोड नावाच्या पातळ थरावर पडतो. तेथे प्रकाशाच्या कणांमुळे इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. केसापेक्षा बारीक अशा लाखो छिद्रांच्या चकतीतून, म्हणजे मायक्रोचॅनल प्लेटमधून जाताना त्यांची संख्या हजारो पटींनी वाढते आणि ते फॉस्फरच्या पडद्यावर आदळून हिरवे किंवा पांढुरके चित्र उमटवतात. अलीकडे याच कामासाठी डिजिटल कॅमेऱ्यातील संवेदकही वापरतात. ते स्वस्त पडतात आणि दिवसाही चालतात.

या पद्धतीचा मोठा गुण असा की ती दाखवते ते चित्र परावर्तित प्रकाशाचे असते. डोळा दिवसा जगाकडे जसे पाहतो, तशाच प्रकारचे. गवताचे पाते, काटेरी तार, फांदीचा काटका, जनावराच्या अंगावरचे पट्टे, नराचे सुळे आणि मागची जमीन हे सारे त्यात येते. दोष असा की प्रकाशच नसेल तर वाढवायचे काय? दाट जंगलात, ढगाळ अमावास्येला यंत्र आंधळे होते. त्यावर उपाय म्हणून अवरक्त किरणांचा दिवा जोडतात. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा दिवा जास्त दूर पोहोचतो; मात्र त्याचा फिकट लालसर ठिपका समोरून दिसू शकतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा दिसत नाही, पण त्याचा पल्ला कमी पडतो. शिवाय धुके किंवा समोरचे गवत हा प्रकाश परत फेकते आणि चित्र धुरकट होते.

उष्णता मोजणारे यंत्र

थर्मल उपकरणाला प्रकाशाची गरजच नसते. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकते. सस्तन प्राण्याच्या शरीरातून निघणाऱ्या या किरणांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटरच्या आसपास असतो. म्हणून ही उपकरणे साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरचा पट्टा पकडतात. काच हे किरण अडवते. त्यामुळे भिंग जर्मेनियम या महागड्या मूलद्रव्याचे करावे लागते आणि गाडीच्या बंद खिडकीतून थर्मलने बाहेरचे काही दिसत नाही. भिंगामागे मायक्रोबोलोमीटरचे जाळे असते. त्यातील प्रत्येक सूक्ष्म बिंदू किरणांनी तापतो, त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलांवरून पडद्यावर चित्र तयार होते.

शोधण्याच्या कामात या यंत्राला तोड नाही. झुडपामागे उभे असलेले जनावर पानांच्या फटींतून निसटणाऱ्या उष्णतेवरून कळते. पाऊणशे एकरांच्या शेतात कळप कुठल्या कोपऱ्यात आहे, हे काही सेकंदांत समजते. नाइट व्हिजनने तेच शेत चाळायला बराच वेळ लागतो आणि स्थिर उभे असलेले जनावर तरीही नजरेतून सुटू शकते.

मात्र थर्मल दाखवते ते तापमानाचे अंतर आहे, वस्तूचे रूप नाही. जनावराच्या अंगावरचा रंग व पट्टे त्यात जवळपास नाहीसे होतात. गोळीच्या वाटेत आडवी आलेली फांदी भोवतालच्या हवेइतकीच थंड असल्याने सहज दिसत नाही. पाऊस व दाट धुके चित्र फिके करतात. दिवसभर तापलेले खडक सूर्यास्तानंतर बराच वेळ गरम राहतात आणि एखादा धोंडा बसलेल्या जनावरासारखा भासतो. पहाटे व सायंकाळी अशी एक वेळ येते की जमीन, झाडे आणि दगड यांची तापमाने जुळतात. तेव्हा पार्श्वभूमी सपाट होते आणि जनावराच्या मागे टेकडी आहे की मोकळे शेत, हे कळेनासे होते.

किती अंतरावरून काय कळते?

या दोन यंत्रांची तुलना करताना विक्रेते पल्ल्याचा आकडा पुढे करतात. अमुक मीटरपर्यंत दिसते, असे सांगितले जाते. दिसते म्हणजे काय, हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. हा भेद १९५८ मध्ये अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी मोजमापात बसवला. काहीतरी आहे हे कळण्यासाठी वस्तूच्या लहान बाजूवर चित्राचे साधारण २ बिंदू पुरतात. ते कोणत्या प्रकारचे आहे हे कळण्यास ८ आणि नेमकी ओळख पटण्यास सुमारे १३ बिंदू लागतात. हे निकषदेखील निम्म्या वेळा उत्तर बरोबर येण्याचे आहेत. नाण्याच्या दोन बाजूंइतकीच ही खात्री.

एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. आज चांगल्या समजल्या जाणाऱ्या थर्मल उपकरणात १२ मायक्रोमीटरचे बिंदू आणि ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग असते. अशा उपकरणाचा एक बिंदू १०० मीटरवर साधारण साडेतीन सेंटिमीटर जागा व्यापतो. पाऊण मीटर उंचीचे रानडुक्कर घेतले, तर ते तिथे आहे एवढे सुमारे १,१०० मीटरवरून कळेल. तो डुकरासारखा प्राणी आहे हे २७० मीटरच्या आसपास कळेल. त्याची नेमकी ओळख पटण्यास सुमारे १७० मीटरच्या आत यावे लागेल, आणि तेही हवा स्वच्छ असताना व मधे गवत नसताना. जाहिरातीतला आकडा पहिला असतो. बंदुकीच्या चापावर बोट ठेवणाऱ्याला लागणारा आकडा तिसरा असतो. दोहोंत सहापटींहून अधिक अंतर आहे.

हे अंतर पुस्तकी नाही. जर्मन कायद्यानुसार, पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत त्यांना वाढवणाऱ्या मादीला मारणे हा गुन्हा आहे. रानडुकराची लहान पिल्ले अंगावरच्या फिकट पट्ट्यांनी ओळखू येतात आणि ती उंच गवतात आईच्या मागे चालतात. थर्मलच्या चित्रात पट्टे दिसत नाहीत आणि गवताआड पिल्लांची उष्णताही झाकली जाऊ शकते. एकटी वाटलेली मादी गोळीने पडते आणि मागाहून पिल्ले दिसतात. ब्रांडेनबुर्ग आणि सॅक्सनीच्या सीमेवरील लाउझिट्स प्रदेशात २००० सालापासून लांडगे पुन्हा नांदू लागले आहेत. त्याच शेतकडांना हरणे असतात, पाळीव कुत्री असतात आणि कधी कधी माणसेही असतात. या साऱ्यांचे शरीर थर्मलमध्ये सारखेच पांढरे चमकते. रायफलची गोळी चुकली तर काही किलोमीटर जाऊ शकते. म्हणूनच उंच मचाणावरून जमिनीकडे झुकता नेम धरण्याची शिस्त तिथे शिकवली जाते. समोरच्या जनावरामागे माती आहे की मोकळी हवा, हे दिसणे नेम लागण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

यावरून अनुभवी शिकाऱ्यांनी जो मध्यम मार्ग काढला तो समजण्यासारखा आहे. शोधासाठी हातात धरायची थर्मल दुर्बीण आणि नेमासाठी रायफलीवर नाइट व्हिजन. पहिले यंत्र कुठे पाहायचे ते सांगते, दुसरे काय पाहत आहोत ते सांगते. पण हा मार्ग महाग आहे. दोन्ही चांगली उपकरणे घ्यायची तर हजारो युरो मोजावे लागतात. एकच घ्यायचे ठरले की बहुतेकांचा कल थर्मलकडे झुकतो, कारण त्यात जनावर चटकन दिसते आणि मचाणावरची रात्र वाया जात नाही.

कायद्याने झुकवलेला तराजू

या निवडीत जर्मन कायद्याचाही नकळत हात आहे. २०२० च्या दुरुस्तीने मुभा दिली ती नेहमीच्या दुर्बिणीच्या पुढे किंवा मागे जोडायच्या उपकरणांना. स्वतःचीच नेमखूण असलेली आणि थेट बंदुकीवर बसणारी रात्रीची पूर्ण दुर्बीण बंदीतच राहिली. लक्ष्यावर प्रकाश टाकणारा दिवा बंदुकीवर लावण्यासही या दुरुस्तीने मोकळीक दिली नाही, आणि अवरक्त दिवा त्यातच मोडतो. हेतू चोरट्या शिकाऱ्याला व गुन्हेगाराला आळा घालण्याचा होता. परिणाम मात्र असा होतो की दिव्याविना नाइट व्हिजन झाडीत लंगडे पडते आणि दिव्याची गरजच नसलेले थर्मल अधिक सोयीचे ठरते. ओळख पटवण्यात उजवे असलेले साधन कायद्याने कमकुवत केले आणि शोधण्यात उजवे असलेले साधन नेमासाठी पुढे केले.

त्यातच जर्मनीत शस्त्रांचा कायदा संघराज्याचा, तर शिकारीचे बरेचसे नियम राज्यांचे. उपकरण बाळगणे देशभर कायदेशीर झाले, तरी शिकारीत ते वापरता येईल की नाही हे प्रत्येक राज्याने वेगळे ठरवले आणि सवलत मुख्यतः रानडुकरापुरती ठेवली. स्कॉटलंडने २०२३ मध्ये हरणांच्या वाढत्या संख्येवर उपाय म्हणून रात्रीच्या दुर्बिणींवरील बंदी उठवली. परंतु रात्री हरीण मारण्यासाठी लागणारी स्वतंत्र परवानगी कायम ठेवली. याच्या दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील टेक्सास आहे. तेथे मोकाट डुकरांना रात्री मारण्यास कालबंधन नाही. २०११ च्या कायद्याने हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्याचीही वाट मोकळी झाली आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. टेक्सासमधली ही डुकरे मूळची परदेशी आहेत आणि शेतीची मोठी नासधूस करतात, हे खरे. तरी तेथे थर्मल दुर्बिणीतून डुकरे टिपण्याच्या सहली विकल्या जातात आणि उपद्रवाचा बंदोबस्त व करमणूक यांतली रेषा पुसट झाली आहे.

रणांगणातून शेतात

ही साधने मूळची युद्धाची आहेत, याचा विसर पडू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनी आणि अमेरिका या दोघांनीही अवरक्त दिव्याच्या बंदुका रणांगणात आणल्या होत्या. व्हिएतनामच्या युद्धात चांदण्यावर चालणारी प्रकाशवर्धक दुर्बीण आली. थंड न करता चालणारा मायक्रोबोलोमीटर अमेरिकेतील हनीवेल कंपनीने १९८० च्या दशकात लष्करासाठी विकसित केला आणि १९९२ मध्ये त्यावरील गुप्ततेचा पडदा दूर झाला. उच्च दर्जाच्या प्रकाशवर्धक नळ्यांची निर्यात अमेरिका आजही काटेकोर नियंत्रणाखाली ठेवते. २००७ मध्ये आयटीटी या कंपनीने नाइट व्हिजनची माहिती चीनसह अन्य देशांना बेकायदा पुरवल्याची कबुली दिली आणि तिला १० कोटी डॉलरचा भुर्दंड पडला.

थर्मलची वाट वेगळी झाली. मायक्रोबोलोमीटर चिपच्या कारखान्यात घडवता येतो. मोटारी, अग्निशमन दल, इमारतींची तपासणी अशा मुलकी कामांत त्याला मागणी आली. चिनी कंपन्या या धंद्यात उतरल्या आणि किमती उतरत गेल्या. प्रकाशवर्धक नळी मात्र अजूनही मोजक्या कारखान्यांत, निर्वात पोकळीत, बऱ्याच नासाडीनंतर तयार होते. बाजाराचा कल थर्मलकडे का झुकला, याचे उत्तर शिकारीच्या गुणदोषांइतकेच या कारखानदारीत आहे. स्वस्त झालेले साधन योग्यच असते असे नाही. पण ते सर्वांच्या हाती येते आणि मग कायद्याला त्याच्या मागून धावावे लागते.

उपयोग किती झाला?

मुळात ज्या रोगासाठी हे सारे झाले, त्याला या उपकरणांनी रोखले का? उत्तर संमिश्र आहे. चेक प्रजासत्ताकाने झ्लीन परिसरातील साथ आटोक्यात आणली आणि २०१९ मध्ये तो देश रोगमुक्त ठरला. रात्री पाहण्याची साधने घेतलेले पोलिसांचे नेमबाज तिथे उतरवले होते, हे खूप गाजले. पण त्या यशामागे कुंपण, बाधित क्षेत्रात माणसांना प्रवेशबंदी आणि मेलेली डुकरे शोधून हलवण्याचे चिकाटीचे काम होते. बेल्जियमनेही याच मार्गाने २०२० च्या अखेरीस रोगमुक्ती मिळवली. विशेष म्हणजे रोग सापडल्यावर पहिल्या टप्प्यात बाधित भागातील शिकार थांबवली जाते. कारण गोळीबाराने बिथरलेला कळप पांगला तर विषाणूही त्याच्याबरोबर पांगतो. जिथे संकट सर्वांत गहिरे, तिथेच बंदूक आधी खाली ठेवावी लागते.

जर्मनीत २०२४ मध्ये हा रोग एकदम पश्चिमेकडील हेसेन राज्यात आणि २०२५ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात उगवला. पोलंडच्या सीमेपासून शेकडो किलोमीटरची ही उडी डुकरे मारू शकत नाहीत. माणसाने नेलेले दूषित मांस किंवा वाहन हेच तिचे संभाव्य कारण मानले जाते. त्यावर कोणत्याही दुर्बिणीचा इलाज नाही. थर्मलचा एक निर्विवाद उपयोग जर्मनीत झाला तो मात्र वाचवण्याच्या कामी. मे-जूनमध्ये गवत कापण्यापूर्वी थर्मल कॅमेऱ्याचे ड्रोन पहाटे उडवून गवतात निपचित बसलेली हरणांची पाडसे शोधली जातात आणि यंत्राच्या पात्यांपासून वाचवली जातात. अशा ड्रोनसाठी २०२१ पासून संघ सरकारने अनुदान दिले. तिथे थर्मल फक्त शोधते. पुढचे काम माणूस जवळ जाऊन, डोळ्यांनी पाहून आणि हाताने करतो.

महाराष्ट्रासाठी धडा

भारतात शिकारीसाठी दुर्बीण निवडण्याचा प्रश्न कायद्याने उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे दार बंद केले. तरीही अंधारातल्या नेमाचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळ्या वाटेने येऊन उभा राहिला आहे. विदर्भात व मराठवाड्यात रानडुकरांनी आणि रोह्यांनी पिकांची नासाडी केल्याच्या तक्रारी दरवर्षी होतात. रात्री शेतात जागल करणाऱ्याच्या हाती बॅटरी आणि डबा बडवण्यापलीकडे फारसे काही नसते. मग कुणी कुंपणात वीज सोडतो आणि त्यात प्राण्यांबरोबर माणसेही जातात. २०१५ मध्ये राज्य सरकारने पिकांची हानी करणाऱ्या रानडुकरांना व रोह्यांना वनाधिकाऱ्यांच्या परवानगीने मारण्याची तरतूद केली. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबत असा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. परवाना कुणाला मिळावा यावर बरीच चर्चा होते. परवानाधारकाने रात्री कशाच्या आधारे आणि किती अंतरावरून गोळी झाडावी, यावर मात्र जवळपास होतच नाही.

वाघ-बिबट्यांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक टोकदार आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टी-१ वाघिणीच्या शोधात थर्मल ड्रोनसह नाना साधने वापरली गेली. अखेर २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली आणि मागे तिचे दोन बछडे उरले. त्या रात्रीच्या कारवाईच्या पद्धतीवर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत आक्षेप घेतले गेले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेल्यानंतर लोकांचा संताप अनावर झाला. तिथेही थर्मल ड्रोनने बिबट्या हुडकला आणि तो रात्री मारला गेला.

अशा प्रसंगी गावकऱ्यांची भीती आणि वनखात्यावरचे दडपण समजण्याजोगे आहे. लेकरू गमावलेल्या घराला तंत्रज्ञानाच्या मर्यादा सांगणे सोपे नाही. पण मर्यादा त्यामुळे नाहीशी होत नाही. वाघाची ओळख त्याच्या पट्ट्यांवरून आणि बिबट्याची अंगावरच्या ठिपक्यांवरून पटते. कॅमेरा ट्रॅपने काढलेल्या छायाचित्रांची सारी पद्धत त्यावरच उभी आहे. थर्मलच्या चित्रातून नेमके हेच हरवते. उसात बिबट्या आहे, हे ते सांगेल. हल्ला करणारा बिबट्या तोच आहे का, हे सांगू शकणार नाही. जुन्नर-शिरूरच्या उसात एकाच परिसरात अनेक बिबटे वावरतात. चुकीचा प्राणी मारला गेला तर त्याच्या जिवाबरोबर गावाचीही फसवणूक होते. लोक निर्धास्त होतात आणि खरा धोका उसातच राहतो.

तेव्हा प्रश्न एक यंत्र घ्यायचे की दुसरे, एवढ्यावर मिटत नाही. शोधाची साधने वनखात्याकडे हवीतच आणि ती तालुका पातळीवर हवीत. त्यांच्या जोडीला ठसे, कॅमेरा ट्रॅपमधील छायाचित्रे आणि शक्य तेथे जनुकीय तपासणी यांवरून ओळख पक्की झाल्याशिवाय रात्री प्राणघातक कारवाई होऊ नये, असा लेखी नियम हवा. जीव वाचवण्यासाठी तत्काळ गोळी झाडणे अटळ ठरते, तो अपवादही त्याच नियमात स्पष्ट असावा. पिकांच्या रक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या परवान्यांत अंतराची मर्यादा आणि जनावरामागे जमीन असल्याची अट घालणे कठीण नाही. जर्मनीने उपकरणांना मोकळीक आधी दिली आणि ओळखीच्या शिस्तीचा भार शिकाऱ्याच्या विवेकावर सोडला. महाराष्ट्रात ड्रोन आले आहेत, परवानेही आहेत. नियमांचे काम मात्र अजून शिल्लक आहे, आणि ते पुढच्या दुर्घटनेची वाट न पाहता व्हायला हवे.